नासलेला गारा

आमच्या घरी शेत नव्हतं. सुलतानपुरात आई लोकांच्या भिंती मातीच्या गाऱ्यानं लिंपायची, त्यावरच तिनं मला कॉलेजात घातलं. आज प्रयोगशाळेत खाडीच्या चिखलाची बाटली उघडली, सडक्या अंड्यासारखा वास आला आणि मी थेट आमच्या अंगणात पोचले.

मी कॉलेजात असताना एकदा आईनं पांढरी माती अन् भुसा कालवून केलेला गारा आठ दिवस खड्ड्यात मुरवला होता. सकाळी पाहिलं तर गारा काळाकुट्ट, वास मारणारा. नासला समजून मी चार टोपल्या उकिरड्यावर फेकल्या. दुसऱ्या दिवशी त्याच गाऱ्यानं एक घर लिंपायचं होतं.

संध्याकाळी आई आली. आता मार बसतो, असं वाटलं. तिनं उकिरड्यावरचं ढेकूळ उचलून फोडलं. बाहेरून भुरकट, आत काळं.

"नासलं नाही वं, मुरलं हाय. वारा लागला का काळेपन उतरते. तुह्या कॉलेजात हे शिकवत नाही काय?"

"नाही."

"मंग मीच शिकवतो. पहिले टोपलं घे, भरून आन."

हवा नसली की चिखलातलं लोखंड गंधकाशी जुळून काळं पडतं, हे पुढे पुस्तकात वाचलं. पाहिलं होतं आधीच. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. खाडीच्या चिखलावर मी पीएच.डी. केली.