माती बघणारे चाचा

उमरग्याचे चाचा माणसाच्या तोंडाकडं बघायच्या आधी त्याच्या पायताणाकडं बघत. चिकटलेली माती नखानं खरवडून तळहातावर चुरत आणि खिशातलं, जुन्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेलं गोल लोहचुंबक तिच्यावरून फिरवत. मग विचारत, "रान ओढ्याकाठी हाय व्हय?" बहुतेक वेळा ते असायचंच. माती तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर ते घरच्या ओसरीवर बसून गावोगावची माती बघत.

चुंबकाला काळे कण दाट चिकटले की निचरा चांगला. ते जवळजवळ कोरंच वर आलं की तिथं वर्षानुवर्षं पाणी साचतंय, असा त्यांचा होरा. मग सामू, म्हणजे मातीचा आंबट-खारेपणा, बघायचे. माती आंबट तर नाही ना, या काळजीनं आलेल्याला ते हसत सांगत, की आपल्याकडं आंबट कमी, खारीच लई. दुकानातून खताचं पोतं उचलून थेट रानात जाणाऱ्यांची मात्र त्यांना चीड यायची. "मातीला भूक लागलीय का अपचन झालंय, ते आधी बगा," असं बजावत.

रानात चार ठिकाणी खणा, माती एकत्र कालवा, उकिरड्याखालची आणू नका, हे सांगून त्यांचा घसा बसायचा. पण आमच्याकडं मुलगी दाखवावी तशी माती दाखवतात. चाचांपुढं रानाची अब्रू जायला नको म्हणून जो तो निवडक भुसभुशीत माती नेई. माझे वडील, म्हणजे आबा, त्यातलेच. द्राक्षं लावायची होती ओढ्याकडच्या तुकड्यात आणि माती नेली वरच्या अंगाची. चाचांनी ती तपासून खुशाल लावा म्हणून सांगितलं.

वर्षा-दोन वर्षांत बाग पिवळी पडली. पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या. चाचा स्वतः आले, उकिडवे बसले, चुंबक फिरवलं. ते कोरंच वर आलं. सामूही भलताच चढा निघाला. त्यांनी चुंबक पुसून खिशात ठेवलं.

"माझ्या हातून पिशव्यांची अदलाबदल झाली, आबा," ते म्हणाले. "माफी करा."

आबा त्यांना चहाला घरात घेऊन गेले.

त्यानंतर चाचांनी माती बघणंच सोडलं. कुणी पिशवी घेऊन आलं, तर आता आपल्या हाताचा भरवसा राहिला नाही म्हणून परत पाठवत. आमच्या भागाचं त्यात फार नुकसान झालं. आबा दर बाजाराला खरं सांगायचं ठरवून त्यांच्याकडं जात आणि चहा पिऊन परत येत. आईनं विचारलं, की पुढच्या बाजारी सांगतो म्हणत. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची.

यंदा चाचा गेले. दफनाला आबांबरोबर मीही होतो. लोक एकेक करून कबरीत माती लोटत होते. आबांनी मूठ भरली, पण ती उघडेना. मागची माणसं खोळंबली. चाचांच्या मुलानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा ते खाली बघत म्हणाले, "चाचा, पिशवी बदलली नव्हती. मातीच म्या दुसरीकडची आणली होती."

मुलाचा हात तसाच राहिला. तो म्हणाला, "हे त्यांना जिवंतपणी सांगायचं होतं, आबा. लई झुरले ते."