दोन अर्ध्या बाटल्या

माझ्या धाकट्या भावाला शाळेत हुंग्या म्हणायचे, आणि खरं सांगते, ते नाव मीच पाडलं होतं. नवी वही मिळाली की आधी नाकाला लावायची, मग उघडायची. वर्गात कुणाचा रुमाल सापडला की मास्तर तो ह्याच्याकडे द्यायचे, आणि हा एकदा हुंगून ज्याचा त्याला नेऊन द्यायचा. पुढे ह्याच्या लग्नाचं बोलायला एका घरी गेलो. मुलगी चांगली, माणसं चांगली, आणि हा बाबा बसल्या बसल्या म्हणतो, "तुमच्या ह्या भिंतीत नळ फुटलाय." मुलीचे वडील आम्हाला दारापर्यंत पोचवायलासुद्धा उठले नाहीत. तीन महिन्यांनी ती भिंत खरंच फोडावी लागली म्हणे, पण तोवर मुलीचं दुसरीकडे जमलं होतं. हा राहिला तो राहिलाच. माझे यजमान गेल्यावर मी ह्याच्याकडे राहायला आले. तेव्हापासून ह्या घरात दोन माणसं आणि एक नाक राहतं.

एका जुन्या हॉटेलात तो वाइनचं तळघर सांभाळतो. चाळीस वर्षं झाली. लागला तेव्हा ग्लास विसळायचा. उष्ट्या ग्लासांचा वास घेऊन सांगायचा, अमक्या टेबलाची बाटली बिघडलेली आहे, बदलून द्या. हॉटेलच्या मालकीणबाईंच्या कानावर ते गेलं आणि त्यांनी तळघराच्या किल्ल्या ह्याच्या हातात ठेवल्या. मला वाटलं, झालं, आता हा रोज झुलत घरी येणार. कसलं काय! हा घोट घेतो, तोंडात खळखळवतो आणि थुंकून टाकतो. इतकी महागाची वस्तू इतक्या मनापासून थुंकणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

यंदा मालकीणबाईंनी ठरवलं की एक चांगली फ्रेंच लाल वाइन घेऊन ठेवायची, तीनशे बाटल्या, पुढच्या कितीतरी वर्षांसाठी. व्यापाऱ्याने दोन नमुने पाठवले, प्रत्येकी एकच बाटली. पहिलीला सोनेरी लेबल आणि मोठं नाव. दुसरी कुठल्या तरी टेकडीवरच्या लहानशा मळ्यातली, साधं पांढरं लेबल. हॉटेलात एक नवा मॅनेजर आलाय, बुटांत तोंड दिसेल इतका चकचकीत. त्याचा जीव सोनेरी लेबलावर, आणि त्याहून जास्त तळघराच्या किल्ल्यांवर. गेल्या हिवाळ्यात माझ्या भावाला ताप आला होता आणि महिनाभर त्याला चहा आणि फिनेल ह्यांतला फरक कळत नव्हता. पुढे नाक परत आलं. पण मॅनेजरने सगळीकडे पसरवलं, "काकांचं नाक गेलं." शेवटी मालकीणबाई म्हणाल्या, "तुमची ती पाच दिवसांची परीक्षा करा. पाचव्या दिवशी मी समोर बसते. नाक शाबूत असेल तर किल्ल्या तुमच्याकडे. नाहीतर मग मॅनेजरकडे."

हॉटेलात रंगकाम चाललेलं, तिथे वासाची परीक्षा कशी होणार? म्हणून दोन्ही बाटल्या आमच्या स्वयंपाकघरात आल्या, पिठाच्या डब्याशेजारी.

"अगं ताई, बाटली उघडायची, थोडी चाखायची, बूच लावून ठेवायची," त्याने मला समजावलं. "आत हवा शिरते. वाइनला म्हातारपण कसं येईल, ते ती हवा पाच दिवसांत थोडंफार दाखवते. लेचीपेची असेल तर दुसऱ्या दिवशी मान टाकते. अंगात दम असेल तर चौथ्या दिवशी खुलते."

"पाहुण्यांसारखंच की रे," मी म्हटलं. "पहिल्या दिवशी सगळेच गोड."

"ही दुसरी तर पहिल्या दिवशी शिव्याच घालते," तो म्हणाला, आणि लाडक्या भाचीची खोडी सांगत असल्यासारखा हसला.

मग घरात कायदे सुरू झाले. कांदा परतायचा नाही. भांड्यांना वासाचा साबण नाही. माझं केसांचं तेल बंद. चार दिवस उकडलेले बटाटे खाऊन माझ्या नाकी नऊ आले. रोज सकाळी अकराला हा आंघोळ करून, रिकाम्या पोटी, खिडकीपाशी बसणार, दोन ग्लासांत दोन बोटं ओतणार, हुंगणार, चाखणार, थुंकणार, वहीत लिहिणार आणि लेबलावर पेन्सिलीने उरलेल्या वाइनची रेघ मारणार.

सोनेरी पहिल्या दिवशी अगदी लाघवी होती. दुसरीचा एक घोट मी हट्टाने घेतला. अरे देवा! कच्च्या फळाची साल चावल्यासारखं तोंड झालं, जीभ टाळूला चिकटली. "ही बिघडलीय, ओतून दे," मी म्हटलं.

"तो तुरटपणाच तिला वीस वर्षं धरून ठेवणार," तो म्हणाला. "तुरट आहे, आंबट आहे, आणि त्याच्या मागे फळ आहे, खूप आत. हळूहळू तुरटपणा निवळेल, रंग विटकरी होईल, तळाला गाळ बसेल. वास येईल जुन्या चामड्याचा, ओल्या पाचोळ्याचा."

"आणि लोक त्यासाठी वीस वर्षं थांबणार? माझ्या जुन्या चपला नेऊन दे त्यांना."

तिसऱ्या दिवशी सोनेरी मलूल झाली. चौथ्या दिवशी सकाळी दुसरी चाखून तो खुर्चीवरून उठलाच. "ताई, फुलं आली बघ! आज फुलांचा वास आला!" साठीला आलेला माणूस स्वयंपाकघरात दोन गिरक्या घेऊन कामावर गेला.

आणि त्या दुपारी मी घर आवरायला काढलं. दुसऱ्या दिवशी मालकीणबाई येणार, फळीवर ही गर्दी. दोन अर्ध्या बाटल्या समोर दिसल्या. तेलाच्या असोत, शाम्पूच्या असोत, दोन अर्ध्या बाटल्यांची एक करायची हे माझे हात जन्मभर करत आलेत. त्यांनी मला विचारलंच नाही. पांढऱ्या लेबलाच्या बाटलीतली सगळी सोनेरीत ओतली, शेवटचा थेंब झटकला, बाटली आतून गरम पाण्याने धुतली, खिडकीत पालथी घातली. मग तिच्या लेबलावरची पेन्सिलीची रेघ दिसली.

ही तर ह्याच्या परीक्षेची बाटली! बाटली नीट सुकवली आणि अर्धी वाइन परत तिच्यात ओतली, बरोब्बर रेघेपर्यंत. दोन्ही बाटल्या रेघेला रेघ. बुचं लावली. क्षणभर, खोटं कशाला बोलू, मला माझ्या मापाचं कौतुकच वाटलं.

संध्याकाळी तो आला तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि बटाटे वाढले. मनाशी म्हटलं, लाल ती लाल, नाहीतरी थुंकूनच टाकणार आहे.

पाचव्या दिवशी अकराला मालकीणबाई काठी टेकत आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, पण पाठ ताठ. मागे मॅनेजर. माझ्या भावाने सगळ्यांसाठी ग्लास भरले. मॅनेजरने आधी उचलले. सोनेरीचा घोट घेऊन डोळे मिटले. "वा! नुसती मखमल. केवढा भारदस्तपणा!" मग दुसरीचा घेतला आणि नाक मुरडलं. "ही रासवट. हिच्यात पुढे काही होणार नाही."

मी दाराआड पदराशी चाळा करत उभी. आता ह्याची पाळी.

त्याने पहिला ग्लास हुंगला, चाखला, थांबला. दुसरा घेतला, थांबला. परत पहिला. परत दुसरा. त्याचा चेहरा उतरत गेला, आणि मला तिथे उभं राहवेना.

"बोला," मालकीणबाई म्हणाल्या.

काल लिहिलेलं सगळं त्याला तोंडपाठ होतं. तेच घडाघडा म्हणून दाखवलं असतं तर कुणाला काय कळलं असतं? त्याने ग्लास खाली ठेवला. "बाई, मला दोन्ही एकच लागतायत. वास एक, चव एक. कालपर्यंत कळत होतं. आज नाही कळत." आणि खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. "माझं नाक गेलं असणार."

मॅनेजरचा हात पुढे झालासुद्धा.

"हात मागे घे मेल्या!" मी ओरडतच आत गेले. "नाक नाही गेलं त्याचं! दोन्ही एकच आहेत! काल मी आवरताना एकीत एक ओतली आणि परत निम्मीनिम्मी केली. चुकलं माझं. त्याला काही माहीत नाही."

मग मालकीणबाई सावकाश मॅनेजरकडे वळल्या. "तुम्हाला मखमल नक्की कुठल्या ग्लासात लागली?"

तो बूट बघत बसला. त्यांत तोंड दिसतच होतं.

मालकीणबाईंनी वही मागितली आणि चार दिवसांची पानं चष्मा लावून वाचली. "वीस वर्षं म्हणताय. तेव्हा मी अठ्ठ्याण्णवची असेन. टिकेन का?"

माझ्या भावाने प्रश्न अगदी मनावर घेतला. "तुरटपणा भरपूर आहे तुमच्यात, बाई. हरकत नसावी."

बाई इतक्या हसल्या की काठी हातातून पडली. "पांढऱ्या लेबलाच्या तीनशे मागवा. आणि त्या किल्ल्या उचला आधी."

ते गेल्यावर मी नळ सोडून उगाचच ग्लास धुवायला लागले. आता माझी खरडपट्टी निघणार होती आणि मी ती ऐकून घेणार होते. चार दिवसांची मेहनत, एकुलत्या एक बाटल्या, वर सगळ्यांसमोर शोभा.

तो आत आला. "ताई, परत सांग. दोन्हींत एकच होतं?"

"एकच."

"जराही फरक नाही?"

"अरे, मीच एकत्र करून मोजून ओतलीय ना!"

तो तिथेच स्टुलावर बसला. ओंजळीत नाक धरलं आणि हुंदके देऊन रडायला लागला. मी बघतच राहिले. आई गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता.

"हिवाळ्यापासून रोज सकाळी आधी उशी हुंगतो, ताई," तो म्हणाला. "वास आला की मगच डोळे उघडतो. तुला सांगितलं नाही."

मी नळ बंद केला आणि ओल्या हातांनीच त्याला जवळ घेतलं.