शास्त्रात बसणारं हरीण

मुलीच्या साखरपुड्याआधी दोन आठवडे, देव हे लग्न पार पाडेल यावरचा माझा विश्वास पार डळमळला होता. लेआने इथे अमेरिकेत निवडलेला मुलगा, डॅनियल, उत्तम होता. अडचण त्याच्या आजीची होती. आजी कोशरच्या, म्हणजे ज्यूंच्या खाण्यापिण्याच्या नियमांच्या बाबतीत कडक, आणि कोकणातून आलेले, मराठी बोलणारे ज्यू असतात हे त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या, "मी येईन. त्यांच्या हातचं खायचं की नाही, ते तिथे बघेन." त्यावर लेआने मला ऐकवलं, "पप्पा, जिथे मम्मीच्या हातचं चालत नाही, तिथे मी लग्न करणार नाही. फायनल."

खरं म्हणजे मला काहीच करायची गरज नव्हती. आम्हा बेने इस्राएलांकडे कुठल्याही शुभकार्यात, अडल्यावेळी वेश बदलून धावून येणाऱ्या एलियाहू नबीच्या नावाने मलिदा होतो: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोडा आणि वर फळं. माझी बायको फ्लोरा तो करणारच होती. पण मी पडलो निवृत्त इंजिनिअर. मला वाटलं, आमच्या पूर्वजांचं गलबत कोकणच्या किनाऱ्यावर फुटलं, धर्मग्रंथ बुडाले, तरी त्यांनी शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवला, लोकांकडून 'शनवार तेली' म्हणवून घेतलं. एवढा मोठा इतिहास नुसत्या पोह्यांवर कसा सिद्ध होणार?

त्याच सुमारास शेजारच्या पॉलने मला त्याच्या फ्रीजरमधलं हरणाचं मटण देऊ केलं आणि माझ्या डोक्यात वीज चमकली. हरीण! खूर दुभंगलेले, रवंथ करतं, मोशेच्या नियमात शुद्ध म्हणून नावानिशी सांगितलेलं. आमच्या प्राचीन प्रार्थनेत देवासाठी आसुसलेल्या जिवाला तहानलेल्या हरणाचीच उपमा आहे. आजींना असं ताट कुणी वाढलं असेल का?

"दुकानातलंच आहे ना?" फ्लोराने विचारलं.

"त्याहून ताजं."

"अहो, मी काय विचारतेय?"

"अगं, शास्त्र वाचलंय मी!"

तिने पोहे निवडायला घेतले. लग्नाला छत्तीस वर्षं झाली की बायको अशी पोहे निवडायला घेते. मी एकट्याने रस्सा केला, हिरवं वाटण, नारळाचं दूध; मांसाबरोबर आम्हाला दूध चालत नाही, म्हणून दुधा-दह्याचा थेंब नाही. साखरपुड्याचा हॉल आमच्या गावाहून, श्रूजबरीहून, वीस मिनिटांवर. पातेलं मागच्या सीटवर, त्याला सीटबेल्ट. मलिद्याचं ताट फ्लोराच्या मांडीवर.

अर्ध्या रस्त्यात, भर दुपारी, झाडीतून एक हरणी उडी मारून गाडीपुढे आली. मी करकचून ब्रेक दाबला. गाडी बर्फावरून घसरत कडेच्या खड्ड्यात गेली. हरणी क्षणभर आमच्याकडे बघत उभी राहिली आणि निघून गेली. आम्हाला खरचटलंही नाही, मलिद्यावरची द्राक्षंसुद्धा हलली नाहीत. रस्सा मात्र सगळा गाडीच्या कार्पेटमध्ये मुरला. मी तिथेच बसून देवाला बोल लावले. तुझीच पूजा आहे, तुझ्याच नियमातलं जनावर आहे, आणि तूच आडवा येतोस? मागून आलेल्या एका म्हाताऱ्या माणसाने ट्रक थांबवला, साखळी लावून आम्हाला रस्त्यावर ओढलं. आभार मानायला मी वळलो तोवर तो गेलाही होता.

हॉलमध्ये पोचल्यावर मी गप्प बसायला हवं होतं. "नो लेक्चर, पप्पा," असं लेआ पुटपुटलीही. पण मी आजींसमोर उभा राहून खूर, रवंथ, सगळं सांगितलं आणि किती मोठा योग हुकला म्हणून हळहळलो.

आजींनी शांतपणे विचारलं, "कापलं कुणी होतं?"

"पॉलने," मी म्हणालो. "म्हणजे... बंदुकीने."

शब्द तोंडातून निघाले आणि मग माझ्या लक्षात आलं. जनावर शुद्ध असून भागत नाही, जाणत्याने सुरी फिरवावी लागते. गोळी घातलेलं हरीण आम्हाला वर्ज्यच. अलिबागेकडे लहानपणी कोंबडी कापून घ्यायला, ती हातात धरून, प्रार्थना चालवणाऱ्या आमच्या हझ्झानच्या दारात उभा राहणारा मीच. पण इथे इतकी वर्षं कोशरचा शिक्का असलेली पाकिटं आणून आणून कापणं हा भागच माझ्या डोक्यातून पुसला गेला होता. आजींच्या पानात मी काय वाढणार होतो!

तेवढ्यात फ्लोराने एलियाहूचं गाणं धरलं. लेआने तिच्या अमेरिकन मराठीत साथ दिली. नबीचं नाव कानावर पडताच आजींनी मान वर केली आणि त्याही हिब्रूत आपल्या चालीवर गाऊ लागल्या. मग ताटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "यात शिजवलेलं काही नाही? म्हणजे भांड्यांची शंका नको."

"काही नाही," फ्लोरा म्हणाली. "ताटही नवं आहे."

आजींनी मूठभर मलिदा घेतला. मग दुसऱ्यांदा घेतला. मग नातवाला म्हणाल्या, "ही आपलीच माणसं आहेत. लग्नात हेच करायला सांग."

मी आजवर चार पुलांची कामं तडीस नेली आहेत, पण त्या दिवशी माझ्या बायकोकडे आणि मुलीकडे बघताना जी छाती फुगली, तशी कधीच फुगली नव्हती. माझं पातेलं फ्लोराने घरात येऊ दिलं नाही, ते योग्यच झालं. ती हरणी का आली, हे मी कुणाला सांगत नाही. श्रूजबरीत हरणं रोजच आडवी येतात. मी फक्त आभार मानतो. ज्या देवाचं मोठेपण आपण सिद्ध करून देऊ असं मला वाटत होतं, त्याने माझ्यापासून माझ्याच घराची लाज राखली.

लग्नात मला फळं चिरायचं काम मिळालं आहे. कुठली, ते फ्लोरा सांगणार आहे.