हरवली न्हाईत, नेली

निरवांगीच्या पलीकडं माळावर एक वाडी होती. तिथली ठमाबाई धनगरीण नवऱ्यामागं एकटीनं साठ मेंढरं राखायची. १९३४ च्या भादव्यात ती इंदापूरच्या बाजाराला गेली आणि तेवढ्यात तिच्या वाड्यातली, म्हणजे काटेरी कुंपणात कोंडलेली, सात मेंढरं गेली.

ती तडक पोलीस पाटील हिंदुरावांकडं गेली. त्यांनी कागद लिहून वाचून दाखवला, "चरताना सात मेंढरं हरवली." मग शाई पुढं सरकवली. "उठव अंगठा."

ठमाबाईनं हात पदराखाली घेतला. "हरवली कशी? वाड्याच्या तोंडाला बाभळीची फांदी लावली व्हती. मेंढरं ती काढून भायेर गेली, आन जाताना परत लावून गेली व्हय?"

"चोरी लिहिली की फौजदार येतो, गावाला ताप. तीन सालं हितं चोरीची नोंद न्हाय. सायब खूश हाईत."

"तुमी लिवलं न्हाई म्हून चोर थांबलं का, पाटील?"

अंगठा न देताच ती परतली. दीर झुंबर घरी येऊन ओरडला, भावकीनं समजावलं. ती बधली नाही.

महिन्याभरात प्रांतसाहेब दौऱ्यावर आले. चावडीपुढं गाव गोळा झालं. चोरीविना गाव राखलं म्हणून साहेबांनी पाटलांचं कौतुक मांडलं, तशी बायकांच्या घोळक्यातून ठमाबाई उठली.

"सायब, माझी सात मेंढरं चोरून नेलीत. ह्यांच्या कागदात ती हरवलीत."

"खाली बस!" हिंदुराव गरजले.

ती उभीच राहिली. थोड्या वेळानं गेणू माळी चाचरत उठला. त्याची मोट चोरली होती, कागदात ती विहिरीत बुडाली होती. मग फुलाबाई तिच्या तांब्याच्या हंड्याचं बोलली. दुपारपर्यंत कारकुनानं अकरा चोऱ्या लिहून घेतल्या.

मेंढरं काही सापडली नाहीत. उलट दिवाळीच्या आतच सरकारी कागदात वाडीचं नाव गुन्हे वाढलेल्या गावांत चढलं आणि फौजदाराच्या फेऱ्या सुरू झाल्या.

"तुझ्यापायी गाव चोरांचं झालं," झुंबर म्हणाला.

"चोर पयल्यापास्नं हाईत, भावजी. मी निस्तं तोंड उघडलं."

दिवाळीनंतर कळप कोकणाकडं निघाले. झुंबरनं तिला सोबत घ्यायचं नाकारलं. ठमाबाईनं घोडीवर बिऱ्हाड लादलं आणि उरलेली मेंढरं हाकत, भावकीच्या कळपामागं हाकेच्या अंतरावर, ती त्याच वाटेनं चालू लागली.