चुना मारलेली मोरी

सदानंद चुरी रस्त्यांच्या सरकारी खात्यात उपअभियंता होते. वसई भागातल्या कुठल्या रस्त्यांची यंदा दुरुस्ती करायची, याचा कार्यक्रम ते आखत आणि वरच्या कचेरीत त्यातला निम्मा दरवर्षी गळे. सत्त्याण्णव साली मात्र नंदाखाल गावची मोरी यादीतून गळू द्यायची नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. रस्त्याखालून पाणी नेणारी ती जुनी दगडी मोरी आतून खचत चालली होती. ती बसली की पाणी तुंबणार आणि शेजारची बॅप्टिस्टची केळीची वाडी बुडणार, हे उघड होतं.

“तुमच्यापेक्षा देवावर भरवसा ठेवला असता तर तो रविवारी देवळात गाठला तरी असता,” बॅप्टिस्ट त्यांना म्हणे. “तुम्ही कचेरीत सापडतच नाही, साहेब.”

मार्चमध्ये वरचे साहेब पाहणीला यायचे ठरले. सदानंदांनी मुकादमाला बोलावलं. “श्रीपत, साहेबांना नंदाखालच्या मोरीवर न्यायचंय. लक्ष असू दे.”

“काळजी नको, साहेब.”

साहेब येणार म्हणजे काय करायचं, हे श्रीपतच्या माणसांना आजवर कधी सांगावं लागलं नव्हतं. यंदा ते करायचं नाही, एवढंच सांगायला हवं होतं आणि सदानंदांना ते सुचलंच नाही.

गाडी नंदाखालला पोचली तेव्हा मोरीवरचे खड्डे डांबराने बुजलेले होते. कठड्यांना चुना, वर गेरूचा पट्टा. श्रीपत धुतलेला सदरा घालून उभा होता.

“छान ठेवलीय की,” साहेब म्हणाले.

“खालचे दगड सुटलेत, साहेब. उतरून पाहता का?”

“चुरी, गाडीला साधा हिसका बसला नाही. ज्या रस्त्यांवर कंबर मोडते ते मागे ठेवून हिला पैसे देऊ? आगाशीला चला, ऊन वाढतंय.”

परतताना श्रीपत जवळ आला. “साहेब, काय चुकलं का? खालून पानी माती नेतंय, म्हनून वरून चांगलं दाबून घेतलं.”

“नाही रे,” सदानंद म्हणाले. “चांगलं केलंस.”

मोरी कार्यक्रमातून गेली. श्रावणात ती बसली. आगाशीची बस बंद झाली आणि बॅप्टिस्टच्या केळी मुळाशी कुजल्या. खात्याने सदानंदांकडेच खुलासा मागितला: मोरी धोक्याची होती, तर रंगरंगोटी कोणाच्या हुकमाने केली? श्रीपतचं नाव त्यांनी लिहिलं नाही. पुढची बढती अडली ती अडलीच.

मोरीच्या जागी तात्पुरते म्हणून सिमेंटचे दोन पाइप टाकले. पाणी त्यांत मावत नसे. सदानंद दरवर्षी ते काम कार्यक्रमात घालत आणि ‘तात्पुरती व्यवस्था झालेली आहे’ या शेऱ्यानिशी ते परत येई. ते निवृत्त झाले तेव्हाही पाइप तिथेच होते.

बॅप्टिस्टने वाडी एका बिल्डरला विकली. शेवटच्या भेटीत तो सदानंदांना एक शब्दही लावून बोलला नाही. चहा दिला आणि म्हणाला, “बिल्डर भराव घालून जमीन उंच करणार म्हणे. आता पाणी समोरच्या वाडीत जाईल.”

समोरची वाडी त्याच्या धाकट्या भावाची होती.