ढोल कोण धरणार?

माझी थोरली बहीण थोआनताई हट्टी, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. सहाव्या वर्षी बापाने तिला गाण्याला बसवलं, पण बारा पूर्ण होईपर्यंत चारचौघांत तोंड उघडू दिलं नाही. नुसता बांबूच्या पट्टीवर ताल धर म्हणे! पुढे ती हानोईत गाण्याच्या माड्यांवर गायली. तिथे श्रीमंत येत, पीत, लोळत. काही खरंच ऐकायलाही येत. नवं सरकार आलं, माड्या बंद झाल्या आणि ताई सहकारी संस्थेत माझ्या शेजारी पानांच्या टोप्या शिवायला बसली.

नव्या सरकारच्या चौथ्या वर्षी सांस्कृतिक कचेरीचं पत्रक आलं. जुनी गाणी तपासणार होते. पास झालं तर शिकवायची परवानगी, नापास झालं तर ते ‘जमीनदारांचं व्यसन’, घरातसुद्धा शिकवायचं नाही. ताईला माझ्या लेकीला, न्हाईला शिकवायचं होतं. नऊ वर्षांची पोर, पण गळा ताईने कधीच हेरून ठेवलेला.

मी म्हटलं, “अगं, शब्द बदल. एखादा कारखाना घाल, ट्रॅक्टर घाल. काय बिघडतं?”

“तू टोप्या शिव,” ताई म्हणाली.

तपासायला कचेरीतून कॉम्रेड ताक घरी आले, सोबत दोन तरुण कारकून. आमच्या लूककाकांनी लांब मानेची तीनतारी लावली, ताईने बांबूची पट्टी पुढे ओढली आणि ती थांबली.

“ढोल कोण धरणार?”

आमच्या गाण्यात ढोल वादकाचा नसतो, ऐकणाऱ्याचा असतो. कातड्यावर ठोका म्हणजे ऐकतोय, लाकडी कडेवर ठोका म्हणजे ‘वा!’. भलत्या जागी मारलात तर अब्रू गेलीच.

“त्याची गरज नाही. गा,” कॉम्रेड म्हणाले.

“गरज नाही कशी? मी काय भिंतीला गाऊ?”

लूककाका छताकडे बघायला लागले. ताई ढिम्म. शेवटी कॉम्रेड वैतागले. “द्या ती काठी इकडे. आपला उपचार म्हणून मारतो.”

पहिले दोन ठोके वेडेवाकडे पडले. मुद्दामच मारले असणार, मेल्याने. मग ओळीच्या शेवटी ताईने सूर गळ्यातच दाबून फिरवला आणि कडेवर टक्क! पुढच्या ओळीला पुन्हा, त्याच्या पुढच्या ओळीलाही. कॉम्रेडचे डोळे मिटलेले होते.

गाणं संपलं. कारकून एकमेकांकडे बघू लागले. असा हात माडीवर वर्षानुवर्षं बसल्याशिवाय तयार होत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. कॉम्रेडचा चेहरा पांढराफटक. मला तर वाटलं, बरी जिरली! ताईने एक शब्द काढला असता तर त्यांची खुर्ची गेली असती.

ताई शांतपणे म्हणाली, “कॉम्रेड, तुमच्याही गावच्या देवळात वसंताच्या उत्सवाला हेच गाणं असायचं ना? शेतकरीच ढोल धरायचे. तिथेच शिकलात वाटतं.”

कॉम्रेडनी काठी हळूच ढोलावर आडवी ठेवली.

“हो,” म्हणाले. “देवळातच.” आणि कारकुनाला सांगितलं, “लिही. गावकऱ्यांची कला. शिकवायला हरकत नाही.”

मला रडूच फुटलं. कॉम्रेड दारापर्यंत गेले आणि वळले.

“तिसरा ठोका जरा उशिरा पडला माझा.”

“पडलाच,” ताई म्हणाली. “उद्या या. न्हाई शिकायला बसेल, ढोलाला कुणीतरी हवंच.”