हाताचं वजन

काकूंची मूठ रिकामी असली तरी बोटं कानशीभोवती वळल्यासारखीच दिसत. चाळीस वर्षं त्यांनी सुतारांच्या करवतींना धार लावली होती. एखादा नवखा सुतार करवत ठेवताना "नीट करा हं" म्हणाला, की काकू चष्म्यावरून त्याच्याकडे नुसतं बघत. पुढच्या खेपेला तो मुकाट्याने ठेवून जाई.

त्यांची पुतणी दोन दिवसांच्या वाटेवर, होड्या बांधायच्या कारखान्यात होती. फळ्या उचलायच्या आणि भुसा झाडायचा, एवढंच तिचं काम. तिथला धारवाला सोडून गेला, तशी ही मिस्त्रींपुढे बोलून बसली, "मी लावीन धार. आमच्या घरचंच काम आहे ते."

मिस्त्री म्हणाले, "शनिवारी एक करवत लावून दाखव. फळी सरळ कापली तर धारवाल्याचा बाक तुझा. नाहीतर झाडू आहेच."

पोरीने उभ्या जन्मात कानस धरलेली नव्हती. आणि काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम पंधरा दिवस झालेले. प्रवासाचं नाव काढायची सोय नव्हती. पण पोरगी घराण्याच्या नावावर बोलून बसली होती, आणि ते नाव काकूंनी खाली पडू दिलं नसतं.

राहिले काकूंचे जावई. हातची कामं लांबून शिकवता यावीत म्हणून ते वर्षभर फोनवर एक साधन बनवत होते.

"आई, तुम्ही इथे बोट फिरवलंत की तिच्या करवतीवर रेघ उमटेल," ते हौसेने म्हणाले. "कानस किती तिरपी धरायची तेही तिला रंगीत बाणांनी दिसेल."

रेघ उमटली. कोनही दिसला. सोमवार गेला, मंगळवार गेला. मंगळवारी संध्याकाळी पोरीने करवत फोनसमोर धरली. एक दात उंच, एक बुटका, एक झिजून बोथट. काकूंनी डोळे मिटून घेतले.

"काकू, तू सांगतेस तस्संच करतेय ना मी!"

"दिसायला करतेयस. पण दाबतेयस किती?"

"बेताचंच."

"तुझं बेताचं म्हणजे किती, हे मला इथे बसून कसं कळावं गं?"

काकूंना त्यांचे वडील आठवले. ते शिकवताना बोलत नसत. मुलीच्या हातावर आपला तळवा ठेवत, बस. त्या तळव्याचं वजन अजून त्यांच्या मनगटात होतं.

"जावईबापू, तुमच्या फोनमधून सगळं जातं. हात तेवढा जात नाही."

जावयांचा चेहरा पडला. "वजन कसं पाठवणार, आई?"

काकू काठी टेकत उठल्या, स्वयंपाकघरातून पीठ तोलायचा काटा घेऊन आल्या आणि कानशीवर दाबावा तसा त्यावर तळवा दाबला. आकडा आठशे ग्रॅमवर जाऊन थबकला. हात उचलून त्यांनी पुन्हा दाबला. पुन्हा आठशे.

"कारखान्यात खिळे तोलायचा काटा असेल ना? करवत ज्या शिकंज्यात पकडतात, तो त्यावर ठेवायला सांगा."

बुधवारी शिकंजा काट्यावर चढला, जावयांनी त्याचं वजन वजा करून आकडा दोघींच्या फोनवर आणला, आणि काम आणखीच बिघडलं. पोरीची नजर आकड्यावर आणि कानस भलत्याच दातावर. अंगठा सोलून निघाला.

"आकडा मोठा करू का?" जावई म्हणाले. "बरोबर असला की हिरवा, चुकला की लाल?"

"तिला आकडा दाखवायचाच नाही. मला दाखवा."

"पण आई, शिकायचंय तिला!"

"म्हणूनच. तिची नजर दातावर राहू द्या. आकडा मी सांभाळते."

जावयांनी हो-नाही केलं. मग महिनाभर खपून केलेले रंग आणि बाण त्यांनी स्वतःच्या हाताने पुसले. आता आकडा एकट्या काकूंच्या फोनवर दिसू लागला.

गुरुवारभर घरात तीनच शब्द ऐकू येत होते. "जड." "हलकं." "हं."

शुक्रवारी दुपारपर्यंत नुसतं "हं" उरलं. संध्याकाळी काकू म्हणाल्या, "काटा बाजूला कर."

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर तुझा हात तुला सांगेल. मी काय जन्मभर फोनमध्ये बसू?"

शनिवारी मिस्त्रींनी करवत फळीला लावली. फोन खिडकीत टेकवलेला होता. इकडे घरी जावई पडद्याकडे झुकून, काकू मांडीवर हात ठेवून. कापाची रेघ सरळ गेली, अर्ध्याच्या पुढे गेली, आणि शेवटच्या वीतभरात डावीकडे सरकली.

मिस्त्रींनी दातांवरून बोट फिरवलं. "या अंगाचे तीन दात उंच राहिलेत."

पोरीने फोनकडे मान वळवली. काकूंच्या ओठावर शब्द आला होता. त्यांनी तो गिळला.

पोरीने करवत शिकंज्यात आवळली आणि कानस उचलली. पहिला दात. दुसरा. तिसरा. इकडे मांडीवर काकूंचा तळवा तेवढ्याच वजनाने दाबला जात होता, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

मिस्त्रींनी दुसरी फळी घेतली. या वेळी काप शेवटपर्यंत सरळ गेला. ते आत गेले आणि बोथट करवतींचा भारा आणून बाकावर टाकला.

"काकू!" पोरगी ओरडली. "बघितलंस का?"

"बघितलं," काकू म्हणाल्या. मग जावयांकडे वळल्या. "बंद करा तो फोन. तिला काम आहे."